गच्चीवरची काळी दोरी

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जी काळी दोरी बांधलेली आहे, ती दोरी नाही. नवी सून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या हे लक्षात आलं. ओली चादर टाकता टाकता तिने दोरी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "आई, ही तर केबल आहे! आत तार लागतेय हाताला." मी म्हटलं, "आहेच केबल. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन तुटली नाही, तर काढायची कशाला?" ती हसली आणि उरलेले कपडे वाळत घालू लागली. केबल गच्चीवर आली कशी, हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगायचं तर दिवाणजींपासून सांगावं लागलं असतं.

ते आज सांगते.

माझं माहेर पांढरकवड्याचं. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादला आले. तेव्हा हा आंध्र प्रदेश होता. तेलंगण व्हायला २०१४ उजाडलं. दुकानांवरच्या पाट्या तेलुगू, पण घरात आणि जिनिंगच्या आवारात मराठीच. सासऱ्यांनी उभा केलेला जिनिंगचा कारखाना गावाबाहेर, आणि त्याच आवाराच्या मागच्या अंगाला आमचं घर. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत जैनद, बेला, तलमडगूकडच्या बंड्या फाटकाशी रांग लावून उभ्या असत. आधी भरल्या बंडीचं वजन, मग कापूस उतरवून रिकाम्या बंडीचं. वजाबाकी केली की कापूस किती ते निघतं. काट्यावरून पावती मिळाली की शेतकरी ती घेऊन ऑफिसात दिवाणजींकडे जायचा, आणि दिवाणजी पैसे मोजून द्यायचे.

दिवाणजी सासऱ्यांच्या वेळचे. पांढरं धोतर, कानामागे पेन्सिल. माझ्या लग्नात पाहुण्यांच्या उतरण्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मला ते 'सूनबाई' म्हणायचे, आणि हंगामात संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकली की, मागच्या दाराशी येऊन चहा घ्यायचे.

१९९८ च्या हंगामात ह्यांनी कॉम्प्युटर घेतले. एक फाटकाजवळ काट्यावर, एक ऑफिसात, एक गाठी बांधायच्या प्रेसशेजारी. नांदेडहून एक तरुण मुलगा ते जोडायला आला होता. काळी केबल काट्यावरून ऑफिसात, ऑफिसातून प्रेसपर्यंत. प्रत्येक कॉम्प्युटरमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं बूच. मी विचारलं, "हे बूच कशाला?" तो म्हणाला, "वहिनी, टोक मोकळं सोडलं तर आवाज आपटून मागे येतो. विहिरीत हाक मारल्यासारखा. हे बूच तो आवाज गिळून टाकतं."

ही उपमा मला पटली आणि तिथेच मला त्या केबलबद्दल आपलेपणा वाटायला लागला. मला ते काम करायचं होतं. हिशेब मला आवडायचा. पण मुलं लहान, आणि घरच्या सुनेने बंडीवाल्यांच्या गर्दीत ऑफिसात जाऊन बसावं, हे सासूबाईंना रुचणारं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "मग ती केबलच घरापर्यंत आणा ना. मी इथे बसून खतावणी करीन."

नांदेडच्या मुलाने टेप लावून मोजलं. काट्यापासून प्रेसपर्यंत दीडशे मीटर झाली होती, पुढे घरापर्यंत एकशे दहा. "दोनशे साठ होतात," तो म्हणाला. "ह्या केबलला एका सलग तुकड्याची हद्द एकशे पंच्याऐंशी मीटर. मध्ये रिपीटर टाकू या. एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूला ताज्या आवाजात सांगतो तो." रिपीटरची किंमत ऐकून ह्यांच्या कपाळाला आठी पडली. "नुसती केबल ओढून बघ. चाललं तर चाललं." त्याने ओढली, आणि घरच्या पडद्यावर ऑफिसातली खतावणी दिसायला लागली. मी तर हरखूनच गेले. तो जाताना एवढंच म्हणाला, "चालतंय, पण हद्दीबाहेर आहे. लक्षात असू द्या."

आम्ही ते लक्षात ठेवलं नाही.

दुपारी मुलं झोपली की मी दोन ते चार बसायचे. डिसेंबरच्या मध्यावर मी कॉम्प्युटरमधल्या नोंदी आणि दिवाणजींनी पैसे दिलेल्या पावत्या ताडून पाहिल्या. चौदा पावत्या अशा निघाल्या की पैसे गेले होते, पण वजनाची नोंदच नव्हती. चौदा बंड्या, सगळ्यांचा मिळून एकशे बारा क्विंटल कापूस. पुन्हा पाहिलं, तेच. पावत्यांवर सह्या दिवाणजींच्या, पैसे दिले दिवाणजींनी.

मी खोट्या पावत्यांबद्दल ऐकलेलं होतं. प्रत्येक जिनिंगवर असा एखादा किस्सा असतोच. मी यादी छापली, ह्यांच्या हाती दिली आणि त्याच संध्याकाळी ऑफिसात, दोन हमालांच्या देखत, मीच दिवाणजींना विचारलं. 'विचारलं' हा माझा शब्द. खरं तर मी यादी वाचून दाखवली. एकामागून एक, चौदाही पावत्या, नंबर, वजन, रक्कम. मध्ये एकदा ते म्हणाले, "सूनबाई, गाठी..." मी म्हटलं, "माझं होऊ द्या." यादी संपली. तोपर्यंत त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांनी पुढे काही बोलायचा प्रश्नच उरला नाही. कानामागची पेन्सिल त्यांनी गादीवर ठेवली, चपला घातल्या आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवडाभराने प्रेसवरचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नांदेडचा मुलगा आला. मी त्याला सहज म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरने चोर पकडून दिला." त्याने यादी हातात घेतली. रकमेकडे पाहिलंच नाही. "वहिनी, पावत्यांवर वेळ छापलेली असते. वेळ बघितली का?"

नव्हती बघितली. चौदाही पावत्या काढल्या. दोन वाजून दहा मिनिटं. तीन वाजून पाच. दोन-चाळीस. चौदाच्या चौदा दुपारी दोन ते चारच्या मधल्या.

तो काट्यावर गेला. काट्यावरचा पोरगा भोळेपणाने म्हणाला, "पावती निघाली की कधी कधी पडद्यावर ते येते ना, अबॉर्ट, रिट्राय, फेल. मागे बंड्या तुंबलेल्या असतात, मंग मी एफ दाबून देतो."

मग त्याने मला समजावलं. ही केबल म्हणजे एकच बोळ. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचे शब्द मोडतात, पण बोलताना कान उघडे असतात म्हणून दोघांनाही ते कळतं, दोघंही थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलतात. कळणं मात्र महत्त्वाचं. काट्यावरचा कॉम्प्युटर केबलच्या एका टोकाला, माझा दुसऱ्या टोकाला. दोनशे साठ मीटर जाताना आवाज इतका क्षीण व्हायचा, की स्वतः बोलत असताना समोरच्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही. दोघांनाही वाटायचं, आपलं व्यवस्थित पोहोचलं. मधल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला मात्र नुसता कालवा ऐकू यायचा. उत्तर आलं नाही की काट्यावरचा कॉम्प्युटर पुन्हा पाठवायचा. पण मी मोठी खतावणी काढत असले की माझं बोलणं थांबतच नसे. शेवटी तो कंटाळून विचारायचा, आता काय करू? आणि पोरगा एफ दाबायचा.

म्हणजे त्या चौदा नोंदी मी खाल्ल्या होत्या. घरात बसून, हिशेब नीट राहावा म्हणून.

आणि 'गाठी' म्हणजे काय, ते मला त्या रात्री उमगलं. आमच्याकडे ढोबळ हिशेब असतो: पाच क्विंटल कापसाला रुईची एक गाठ, एकशे सत्तर किलोची. एकशे बारा क्विंटलांच्या बाविसावर गाठी झाल्या. कापूस आलाच नसता तर गाठी तेवढ्या कमी भरल्या असत्या. नोंदीतल्या कापसाशी मी गाठी ताडून पाहिल्या. बावीस जास्त होत्या. हंगामात हजारो क्विंटल जातो, ओल असते, घाण असते, पाच-पन्नास गाठींचा फरक कुणाच्या नजरेत येत नाही. पण शोधायला गेलं तर सापडतो. दिवाणजी तेच सांगत होते. मी म्हटलं होतं, माझं होऊ द्या.

सकाळी हे आणि मी दिवाणजींच्या घरी गेलो. ह्यांनी माफी मागितली. मी मागितली. ते खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मशिनीची चूक होती, सूनबाई. होते." मी म्हटलं, "मशिनीची नव्हती. मी गाठी मोजल्या नाहीत." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी कामावर आले. पण मागच्या दाराशी चहाला पुन्हा आले नाहीत.

घराकडची केबल काढून टाकली, प्रेसपाशी तिला पुन्हा बूच लागलं. एकशे दहा मीटरचं वेटोळं घरी आलं. त्यातलीच ही गच्चीवरची दोरी. आणि मी सासूबाईंना सरळ सांगितलं, की आता मी ऑफिसात जाऊन बसणार. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे सात हंगाम मी दिवाणजींच्या समोरच्या टेबलावर बसले. रोज संध्याकाळी नोंदी, पावत्या आणि गाठी, तिन्ही ताडायच्या. पद्धत त्यांची, कॉम्प्युटर माझा.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझा मुलगा पुढे इंजिनिअरिंगला गेला आणि एका सुट्टीत तनेनबॉम यांचं 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हे जाडजूड पुस्तक घरी विसरून गेला. मी चाळायला घेतलं. इंग्रजी जड, गणित त्याहून जड. पण मुलाला फोन करून करून मी त्यातला आमच्या केबलचा भाग समजून घेतला.

सुरुवात हवाई बेटांवर झाली. १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. ज्याला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा त्याने बोलावं. पोच आली नाही तर पुन्हा बोलावं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी हीच कल्पना केबलवर आणली आणि तिला शिस्त लावली: बोलायच्या आधी ऐका, आणि बोलत असतानाही ऐकत राहा. ह्यालाच इथरनेट म्हणतात. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं, त्यात मुंबईच्या जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी होती. त्या दोन संस्थांमध्ये पहिली पत्रं गेली ती मात्र टेलिफोनच्या लाईनीवरून. इथरनेटची केबल आवाराच्या आतली. जुहूपासून पवईपर्यंत ती ओढता येत नाही. ती का येत नाही, तेच मला समजून घ्यायचं होतं.

आधी ऐकूनही टक्कर होते, कारण आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. लांबलचक वाड्याच्या दोन टोकांना दोन जावा आहेत असं समजा. दोघींनाही शांतता ऐकू येते, म्हणून दोघीही गड्याला एकाच क्षणी हाक मारतात. चूक कुणाचीच नाही. केबलमधला सिग्नल एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे दोनशे मीटर जातो. एवढा वेगवान, तरी त्याला वेळ लागतोच.

आता सगळ्यात वाईट वेळ कोणती? माझा शब्द पलीकडच्या टोकाला पोहोचणारच आहे, एवढ्यात पलीकडची, तिला अजून शांतताच ऐकू येतेय म्हणून, बोलायला तोंड उघडते. टक्कर तिथे, तिच्या दाराशी होते. ती झाल्याची खबर माझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढंच अंतर कापावं लागतं. तोपर्यंत मी बोलत असले, तर मला कळतं. माझं बोलून संपलं असलं, तर मी 'सांगून झालं' म्हणून मोकळी होते.

म्हणून नियम असा, की जायला आणि यायला लागेल तेवढा वेळ तरी बोलत राहायचंच. १९८० मध्ये दहा मेगाबिटच्या इथरनेटचे नियम ठरले, तेव्हा हा वेळ ठरला ५१.२ मायक्रोसेकंद, म्हणजे ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट. निरोप त्याहून छोटा असेल तर त्यात भर घालून तेवढा करायचा, पण त्याच्या आत बोलणं आटपायचं नाही. आणि ह्या वेळात जाणं-येणं बसावं म्हणून दोन टोकांमधलं अंतर जास्तीत जास्त अडीच हजार मीटर, तेही पाचशे-पाचशे मीटरचे तुकडे चार रिपीटरनी जोडून. ती केबल जाड. आमची बारीक, म्हणून तिचा तुकडा एकशे पंच्याऐंशीचा.

तर हद्दी दोन. एक आवाज विरण्याची, दुसरी वेळेची. इतकी वर्षं मला वाटत होतं, की केबलची लांबी म्हणजे आपलं बोलणं किती दूर पोहोचेल त्याची हद्द. तसं नाही. दोन्ही हद्दी एकाच गोष्टीसाठी आहेत: माझं बोलणं चालू असेपर्यंत पलीकडच्याचं मला ऐकू यायला हवं. आमच्या केबलने आवाजाची हद्द ओलांडली होती. वेळेची ओलांडली नव्हती. दोनशे साठ मीटरला ५१.२ मायक्रोसेकंद पुरून उरतात. ती ओलांडली मी, त्या संध्याकाळी ऑफिसात. दिवाणजी माझ्यापासून चार हातांवर होते.

पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. टक्कर झाली की दोघांनीही थांबायचं आणि मनाशी चिठ्ठी टाकून ठरवायचं, की लगेच बोलू की एक पाळी थांबू. पुन्हा टक्कर झाली तर चिठ्ठ्या दुप्पट: शून्य ते तीन. मग शून्य ते सात. गर्दी जितकी जास्त, तितकं थांबणं लांब. सोळा वेळा प्रयत्न करूनही जमलं नाही, तर सोडून द्यायचं. मला हे फार माणसासारखं वाटलं. दारात दोघी समोरासमोर आल्या की 'तुम्ही आधी', 'नाही, तुम्ही' होतं, तसं.

आणि १९९५ मध्ये इथरनेटचा वेग दसपट झाला, तेव्हा काय झालं? तेच ५१२ बिट आता ५.१२ मायक्रोसेकंदांत बोलून संपायला लागले. म्हणून टोकांमधलं अंतर आवळून दोनशे मीटरच्या आसपास आणावं लागलं. ज्याचं बोलणं लवकर संपतं, त्याने जवळ राहायला हवं. नाहीतर दुसऱ्याचं त्याच्यापर्यंत येईस्तोवर तो उठून गेलेला असतो. आता प्रत्येक कॉम्प्युटरला जायची आणि यायची वाट वेगळी असते. टकराच होत नाहीत, आणि हा नियम बहुतेक ठिकाणी लागत नाही. आमच्या ऑफिसातली काळी केबलही केव्हाच गेली.

दिवाणजींनी २००६ मध्ये काम सोडलं. त्यानंतर त्यांना दोनदा भेटले. दुसऱ्या वेळी ते अंथरुणावरच होते. मी बोलायला लागले आणि तेही त्याच वेळी बोलायला लागले. दोघंही थांबलो. मी म्हटलं, "तुम्ही आधी." ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, चहा घेऊन जा." मी बसले. चहा येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

काल संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना हे सगळं सुनेला सांगितलं. मध्ये तिने दोनदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी थांबले. ऐकून झाल्यावर तिने दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही किती लांब असेल?" मी म्हटलं, "वीस मीटर." तिने मनाशी हिशेब केला. दहा मेगाबिटला एक बिट वीस मीटर लांब होतो, हे मी तिला थोड्याच वेळापूर्वी सांगितलं होतं. "म्हणजे ह्या दोरीवर एकच बिट मावेल," ती म्हणाली.

एक बिट, आणि सहा चादरी. आम्ही दोघींनी चादरी उतरवल्या आणि दोन टोकांना उभ्या राहून घड्या घातल्या.